बेन-हूरचे कर्ते जनरल ल्यू वॉलेस

पवित्र शास्त्रातील काळाचा आधार घेऊन रचलेल्या कथा ख्रिस्ती माणसाने वाचाव्या किंवा नाही, हा प्रश्न आमच्या खेड्यांतील मंडळ्यांत वेळोवेळी निघत असतो. कोणी म्हणतो, सत्य वचन हाती असता कल्पित गोष्टींचे प्रयोजन काय? दुसरा म्हणतो, अशा कथेत तरुण-तरुणींच्या प्रीतीचे प्रकरण हटकून असते. ते उपासनेच्या माणसांपुढे कशाला हवे? हा आक्षेप पोकळ आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या एका मनुष्याने अशी कथा लिहिली आणि ती लाखो घरांत जाऊन पोचली, त्याचा जीवनक्रम पाहिल्यावाचून ह्या वादाचा निकाल लावणे आम्हांस बरे दिसत नाही. म्हणून "बेन-हूर" ह्या ग्रंथाचे कर्ते जनरल ल्यू वॉलेस ह्यांची हकीकत प्रिय वाचकांपुढे ठेवीत आहो.

वॉलेस साहेबांचा जन्म अमेरिकेच्या इंडियाना संस्थानातील ब्रुकव्हिल गावी ता. १० एप्रिल १८२७ रोजी झाला. त्यांचे वडील डेव्हिड वॉलेस हे पुढे त्या संस्थानाचे गव्हर्नर झाले. आईचे नाव एस्तेर. मुलगा सात वर्षांचा असता ती क्षयाने वारली. हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. त्याचे काम पुढे पडणार आहे. वडिलांनी दुसरे लग्न केले. ह्या सावत्र आईचे नाव झेरेल्डा. सावत्र आई म्हटली की आपल्याकडे लोकांच्या कपाळास आठ्या पडतात. परंतु ही बाई थोर मनाची निघाली. दारूच्या व्यसनाविरुद्ध झटणाऱ्या ख्रिस्ती स्त्रियांच्या संघाची इंडियानातील पहिली अध्यक्षा १८७४ साली तीच झाली.

ल्यूचे मन शाळेत रमत नसे. रानात भटकावे, चित्रे काढावी, मिळेल ते पुस्तक वाचावे, हाच त्याचा क्रम. शेवटी तो सोळा वर्षांचा झाला तेव्हा वडिलांनी हात आखडता घेतला आणि तुझे पोट तूच भर असे सांगितले. मुलगा कचेरीत कागदांच्या नकला करू लागला. त्या दिवसांत मेक्सिको देश स्पेनच्या लोकांनी कसा जिंकला, ह्याचा इतिहास त्याच्या हाती आला आणि त्यावरून एक कादंबरी लिहावी असे त्याच्या मनाने घेतले. ती १८७३ साली छापून निघाली. दरम्यान मेक्सिकोच्या युद्धात शिपाईगिरी झाली, वकिलीची परीक्षा झाली, आणि ता. ६ मे १८५२ रोजी क्रॉफर्ड्सव्हिल गावी सुझन एल्स्टन नावाच्या सुशील मुलीशी त्यांचे लग्न झाले. सुझनचा जन्म नाताळच्या दिवशीचा, १८३० सालचा. ती स्वतःही लेखिका होती. हा संसार त्रेपन्न वर्षांस जेमतेम तीन महिने कमी इतका चालला.

पुढे १८६१ साली अमेरिकेत आपसांतील युद्ध पेटले. दक्षिणेकडील संस्थाने गुलामगिरी राखण्यासाठी फुटून निघाली व उत्तरेने राष्ट्र अखंड राखण्याकरिता शस्त्र धरले. वॉलेस साहेब उत्तरेच्या बाजूने लढले आणि चौतीस वर्षांचे असतानाच मेजर जनरलच्या पदास चढले. परंतु त्यांच्या पदरी पुढच्याच महिन्यात एक असे दुःख आले की ते जन्मभर सुटले नाही. ता. ६ एप्रिल १८६२ रोजी टेनेसीत जी लढाई झाली, तिला शायलोची लढाई म्हणतात. रणभूमीवर लाकडी ओंडक्यांचे एक लहान मेथडिस्ट प्रार्थनामंदिर होते. शास्त्रातील शिलो, जेथे निवासमंडप होता व जेथे हन्नाने प्रार्थना केली, त्याच गावाचे नाव ह्या मंदिरास दिले होते आणि मंदिरावरून लढाईस ते नाव पडले. अशा पवित्र नावाच्या जागी दोन दिवसांत दोन्ही बाजूंचे मिळून तेवीस हजारांवर लोक मेले, जखमी झाले किंवा सापडेनासे झाले. त्या दिवशी वॉलेस साहेबांची फौज काही कोसांवर होती. तिला बोलावणे गेले. ती एका वाटेने निघाली. आम्ही दुसऱ्या वाटेने या म्हटले होते, असे सेनापती ग्रँट ह्यांचे म्हणणे पडले. फौज मागे वळवून आणावी लागली व ती पोचली तेव्हा दिवस बुडाला होता. दुसऱ्या दिवशी ती लढली, परंतु ठपका बसायचा तो बसला. साहेबांच्या हातची फौज गेली. पुढे ता. ९ जुलै १८६४ रोजी मोनोकसी नदीकाठी त्यांनी थोड्या लोकांनिशी दुपटीहून मोठ्या शत्रूस एक दिवस अडवून धरले. ते हरले; पण तेवढ्या एका दिवसात राजधानी वॉशिंग्टनच्या रक्षणास कुमक पोचली. तरीही लोक शायलोचीच आठवण काढीत. ग्रँट ह्यांनी आपल्या मरणाच्या वर्षी, १८८५ साली, आत्मचरित्रात एक टीप घालून हा दोष बराच सौम्य केला. तोपर्यंत तेवीस वर्षे लोटली होती.

युद्ध संपल्यावर साहेब वकिली करीत क्रॉफर्ड्सव्हिलास राहिले. धर्माविषयी त्यांचे मन तेव्हा कोणीकडेच नव्हते. विश्वास नाही, अविश्वासही नाही; त्या गोष्टीचा विचारच नाही, अशी स्थिती होती. आमच्या मते ही स्थिती उघड नास्तिकपणाहून कठीण. तथापि मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायातील मागी लोकांची हकीकत त्यांच्या मनात घोळत असे. म्हणून एखाद्या मासिकात देण्याकरिता त्यांनी त्यावर एक कथा रचून मेजाच्या खणात टाकून ठेविली होती.

१८७६ साली ते जुन्या सैनिकांच्या मेळाव्यास आगगाडीने इंडियानापोलिसास चालले होते. त्याच गाडीत कर्नल रॉबर्ट इंगरसॉल होते. हे गृहस्थ शायलोच्या लढाईत होते आणि आता गावोगाव व्याख्याने देऊन ख्रिस्ती धर्मावर टीका करणारे म्हणून प्रसिद्ध होते. त्यांनी वॉलेस साहेबांस आपल्या डब्यात बोलावले. देव आहे काय, ख्रिस्त देवाचा पुत्र काय, मरणानंतर काही आहे काय, ह्या विषयांवर इंगरसॉल बराच वेळ बोलत राहिले व साहेब ऐकत राहिले. गाडी पोचली. वॉलेस साहेब घोड्यांच्या ट्रामेत न बसता अंधारातून पायीच चालू लागले. इंगरसॉलचे म्हणणे त्यांना पटले असे झाले नाही. त्याला उत्तर द्यावयास आपल्यापाशी काहीच नाही, ह्याची त्यांना लाज वाटली. पन्नाशीस आलेला मनुष्य, सेनापती, वकील, आणि ज्या गोष्टीवर सर्व काही अवलंबून तिच्याविषयी पूर्ण अज्ञान! त्या रात्री त्यांनी ठरविले की आपण स्वतः शोध करावयाचा. आणि मोठमोठे टीकाग्रंथ वाचण्यास मन घेईना, म्हणून खणातील मागी लोकांची कथा बाहेर काढून ती वधस्तंभापर्यंत न्यावयाची, म्हणजे लिहिता लिहिता शोध होईल.

येथे आम्हांस थोडे थांबून सांगावेसे वाटते की, नास्तिकाच्या व्याख्यानातून निघालेले हे फळ पाहून आमच्या उपदेशक बंधूंनी बाजारात आडवे प्रश्न विचारणाऱ्यांवर उगाच चिडू नये.

साहेबांनी पॅलेस्टाईन देश पाहिला नव्हता. तेव्हा नकाशे, प्रवासवर्णने व शास्त्र ह्यांचा अभ्यास सुरू झाला. रोमी गलबतांवर वल्ही मारणारे गुलाम कसे बसत, एवढी एक गोष्ट नक्की करण्याकरिता ते वॉशिंग्टन व बोस्टन येथील ग्रंथालये धुंडाळून आले. उन्हाळ्यात घराजवळच्या एका मोठ्या बीच वृक्षाखाली बसून लिहावे, असा परिपाठ. १८७८ साली त्यांची न्यू मेक्सिको प्रांताच्या गव्हर्नरपदी नेमणूक झाली. तो प्रांत तेव्हा बंदुकीच्या जोरावर चाले. बिली द किड नावाच्या कुप्रसिद्ध तरुण दरोडेखोराशी साहेबांस समोरासमोर बोलणे करावे लागले. सांता फे येथील मातीच्या जुन्या राजवाड्यात रात्री, बाहेरून कोणी गोळी घालू नये म्हणून खिडक्यांची दारे लावून, एका दिव्याच्या उजेडात त्यांनी ख्रिस्ताच्या मरणाचा भाग लिहिला. ता. १२ नोव्हेंबर १८८० रोजी न्यू यॉर्कच्या हार्पर मंडळीने ग्रंथ प्रसिद्ध केला.

आता कथा कोणती ते थोडक्यात सांगतो. यरुशलेमातील थोर घराण्याचा मुलगा यहूदा बेन-हूर, आणि त्याचा लहानपणचा रोमी मित्र मेस्साला. नव्या रोमी सुभेदाराची स्वारी रस्त्याने चालली असता यहूदाच्या हाताखालचे एक कौल घसरून सुभेदाराच्या डोक्यावर पडते. मेस्साला मैत्री विसरतो; यहूदास गलबतावर जन्माची वल्ही, आणि त्याची आई व बहीण तिर्सा ह्यांस कोणास ठाऊक नसलेली अंधारकोठडी. साखळदंडांत चाललेल्या यहूदास नासरेथच्या विहिरीवर एक सुताराचा मुलगा पाणी पाजतो. पुढे यहूदा सुटतो, अंत्युखियास येतो, रथांच्या शर्यतीत मेस्सालास पाडतो आणि येणाऱ्या राजासाठी गालीलकरांच्या पलटणी तयार करतो. परंतु तो राजा तलवार मागत नाही. ज्या शिपाईगड्याने हे लिहिले त्यास तलवारीने काय मिळते व काय जाते हे पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

रथांच्या शर्यतीस लोकांनी फार डोक्यावर घेतले. आमच्या मते कथेचे मर्म इतरत्र आहे. यहूदाच्या बापाचा कारभारी सिमोनिडीस अंत्युखियास मोठा व्यापारी होऊन बसला आहे. रोमी लोकांनी धन्याची संपत्ती कोठे आहे ते सांग म्हणून त्याचे हाल केले, हाडे मोडली, पण त्याने सांगितले नाही. हा मनुष्य कायद्याने गुलाम आहे. आणि गुलाम झाला तो कशासाठी? राहेल नावाच्या दासीवर त्याची प्रीती बसली. ती धन्याचे घर सोडून स्वतंत्र होण्यास तयार नव्हती. मजसारखा दास झालास तरच लग्न, असे तिचे म्हणणे. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात असे आहे की, जो दास धन्यावर व बायकोवर प्रीती करतो व सुटून जाऊ इच्छीत नाही, त्याचा कान दाराच्या चौकटीशी आरीने टोचावा, म्हणजे तो सर्वकाळचा दास झाला. सिमोनिडीसने कान टोचून घेतला. राहेल मेली, कानाचा वण राहिला, आणि एक मुलगी राहिली. तिचे नाव एस्तेर.

पांगळ्या बापाची गच्चीवर बसून शुश्रूषा करणारी ही मुलगी फार बोलत नाही. तिच्या उलट इरास नावाची मिसरी सुंदरी: चतुर, नटवी, राज्य व वैभव ह्यांच्या गोष्टी सांगून यहूदाचे मन ओढणारी. यहूदा बराच काळ तिच्याकडे ओढला जातो. एस्तेर पाहते आणि गप्प राहते. शेवटी इरास कोणाच्या बाजूची आहे ते उघडे पडते, आणि यहूदास जी पत्नी मिळते ती एस्तेर. ग्रंथकर्त्याने ह्या मुलीस आपल्या मेलेल्या आईचे नाव दिले, हे योगायोगाने झाले असे मानावयास आम्ही तयार नाही. ह्या प्रीतीत पाल्हाळ नाही, चोरून भेटी नाहीत; सेवा आहे, वाट पाहणे आहे. खेड्यातील आईबापांनी ही गोष्ट आपल्या वयात आलेल्या मुलीसमोर वाचण्यास संकोच करण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. कान टोचलेल्या दासाचे ते एकच प्रकरण ऐकल्यावर निर्गमातील तो रुक्ष वाटणारा नियम मनुष्यास जन्मभर विसरणार नाही. अशा कथांची लोकांस गोडी का, ह्याचे उत्तर आम्हांस येथे सापडते. शास्त्र थोडक्यात बोलते. ते दाराची चौकट दाखविते. त्या चौकटीशी कोण उभा होता, त्याच्या मनात कोण होती, हे जाणण्याची माणसाला तहान असते.

आणखी एक प्रसंग. कोठडीतून सुटलेल्या आई व बहीण कुष्ठरोगी झाल्या आहेत. रात्री आपल्या जुन्या घरापाशी येऊन पाहतात तो दारात यहूदा झोपलेला. आईने हाक मारावी तर तो धावत येऊन मिठी मारील आणि त्यास रोग लागेल. म्हणून ती धुळीतून सरपटत जाते, त्याच्या वहाणेच्या तळव्यास ओठ लावते आणि मुलीस घेऊन निघून जाते. ज्यांनी आपल्या मुलखात कुष्ठरोग्यांस गावाबाहेर काढलेले पाहिले आहे त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

मात्र उपदेशक बंधूंस एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बेन-हूर, एस्तेर, मेस्साला हे कोणी शास्त्रात नाहीत. त्या आईस व तिर्सेस प्रभूने बरे केले, हे कथेत आहे, शुभवर्तमानात नाही. मागी तीन होते असेही मत्तय लिहीत नाही. त्याने संख्या दिली नाही, नावे दिली नाहीत. वॉलेस साहेबांनी तिघे घेतले, एक ग्रीक, एक मिसरी आणि एक आपल्या हिंदुस्थानातला ब्राह्मण. हे ऐकून आमच्या लोकांस अभिमान वाटेल, आणि म्हणूनच अधिक जपावयाचे. कथा सांगताना येथवर शास्त्र आणि येथून पुढे साहेबांची रचना, असे बोट ठेवून सांगावे. स्वतः साहेबांनी ही मर्यादा आपल्यापुरती कडक पाळली. प्रभूस आपण रचलेल्या प्रसंगात पात्र करावयाचे नाही, आणि त्याच्या मुखी शुभवर्तमानात नाही असे वाक्य घालावयाचे नाही, असा त्यांनी नेम केला. विहिरीवरचे पाणी हा त्यातला एकच अपवाद, आणि तेथे तो मुलगा एक शब्दही बोलत नाही.

ग्रंथ आरंभी हळू खपला. पहिल्या सात महिन्यांत सुमारे २,८०० प्रती. मग वाऱ्याने वणवा पसरावा तसे झाले, आणि १८८९ पर्यंत खप चार लाखांवर गेला. त्या काळी अमेरिकेतील पुष्कळ पाळक कादंबरीस घरात येऊ देत नसत. त्यांनीच ही पुस्तक-कपाटात शास्त्राच्या शेजारी ठेविली. आपल्या मराठी मंडळीस ह्याचे नवल वाटू नये. बाबा पदमनजी ह्यांनी "यमुनापर्यटन" १८५७ सालीच लिहिले होते, आणि विधवांचे दुःख लोकांच्या गळी उतरविण्यास त्यांसही कथेचीच वाट धरावी लागली.

अध्यक्ष गारफील्ड ह्यांस ग्रंथ इतका आवडला की त्यांनी १८८१ साली वॉलेस साहेबांस तुर्कस्तानच्या दरबारी राजदूत नेमले. तेथून त्यांनी पवित्र देश प्रथमच डोळ्यांनी पाहिला. पुस्तकात लिहिलेल्या वाटा व टेकड्या त्यांनी ताडून पाहिल्या, आणि वर्णनात काही बदलावे असे त्यांस आढळले नाही. १८९९ साली न्यू यॉर्कास बेन-हूरचे नाटक झाले. कोणाही नटाने ख्रिस्ताचे सोंग घ्यावयाचे नाही, ह्या अटीवरच साहेबांनी परवानगी दिली; तेव्हा प्रभूच्या जागी केवळ प्रकाशाचा एक झोत दाखवीत. पुढे त्यावर चित्रपटही निघाले, त्यांतील १९५९ सालचा फार गाजला. शर्यत त्यांत मोठी झाली व बिचारा सिमोनिडीस लहान झाला, असे आमचे मत आहे.

एक गमतीची गोष्ट सांगावयाची राहिली. ग्रंथ साहेबांनी आपल्या तारुण्यातील पत्नीस अर्पण केला होता. ते शब्द वाचून लोकांनी समजूत करून घेतली की ती बिचारी वारली असली पाहिजे. साहेबांच्या घरी सांत्वनाची पत्रे येऊ लागली. कित्येक स्त्रियांनी तर, आपण त्यांचे घर सांभाळण्यास तयार आहो, असेही कळविले. सुझनबाई ती पत्रे जिवंतपणी वाचीत होत्या! शेवटी पुढील आवृत्तीत, ती अद्याप मजजवळच आहे, अशा अर्थाचे चार शब्द जोडावे लागले.

ग्रंथ लिहिता लिहिता आपण देवावर व ख्रिस्ताच्या दैवी स्वरूपावर विश्वास ठेवू लागलो, असे वॉलेस साहेबांनी पुढे सांगितले. ते कोणत्याही मंडळीचे सभासद मात्र कधीच झाले नाहीत. पाळक ह्या नात्याने आम्हांस हे वाचून हळहळ वाटते. परंतु चरित्र लिहिणाऱ्याने आपल्या हळहळीसाठी हकीकत बदलू नये. ते क्रॉफर्ड्सव्हिल येथे ता. १५ फेब्रुवारी १९०५ रोजी वारले. आत्मचरित्र युद्धाच्या काळापर्यंत येऊन अर्धे राहिले होते. सुझनबाईंनी एका मैत्रिणीच्या मदतीने त्यांची पत्रे व कागद जुळवून ते पुरे केले, व १९०६ साली दोन भागांत छापविले. पुढच्या वर्षी, ऑक्टोबरात, त्याही गेल्या. क्रॉफर्ड्सव्हिलच्या ओक हिल स्मशानात दोघांच्या कबरी आहेत.